माहेर विकणे आहे

जपानी भाषेत ‘जिक्का’ असा एक शब्द आहे. ज्या घरात आपण लहानाचे मोठे झालो, जिथे आईवडील राहतात किंवा राहत होते, ते घर म्हणजे जिक्का. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘माहेर’. फरक एवढाच, की आपल्याकडे माहेर फक्त लेकीबाळींना असते. जपानात ते मुलग्यांनाही असते. नवीन वर्षाच्या सुट्टीत आणि ऑगस्टमधल्या ‘ओबोन’ या पितरांच्या सणात तोक्यो-ओसाकाहून सुटणाऱ्या गाड्या भरभरून वाहतात, त्या या जिक्काकडे निघालेल्या माणसांनी. गणपतीत कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर आणाव्यात, म्हणजे कल्पना येईल.

अलीकडच्या वर्षांत या शब्दाला एक शेपूट जोडले गेले आहे: ‘जिक्का-जिमाई’. दुकानदार दुकान आवरतो, फळ्या लावतो, त्या आवरण्याचा हा शब्द. जिक्का-जिमाई म्हणजे माहेर आवरणे. आईवडील गेले, घर बंद पडले, आता त्याचे काय करायचे ते एकदाचे उरकून टाकणे. एखाद्या भाषेला अशा कामासाठी स्वतंत्र शब्द लागू लागला, की ते दुःख एका घरापुरते राहिलेले नाही असे समजावे.

ते किती घरांचे आहे, याचा हिशेब जपानी सरकार दर पाच वर्षांनी मांडते. २०२३ च्या पाहणीत देशातल्या सुमारे साडेसहा कोटी घरांपैकी ९० लाख घरे रिकामी आढळली. म्हणजे दर सात घरांमागे जवळजवळ एक. यांपैकी निम्म्याहून अधिक घरांची चिंता नाही. ती भाडेकरूची वाट पाहणारी शहरातली सदनिका-बिऱ्हाडे आहेत, विक्रीला काढलेली आहेत किंवा सुट्टीत जाऊन राहायची आहेत. खरा आकडा उरलेल्या सुमारे ३८.५ लाखांचा. ही घरे विकायला काढलेली नाहीत, भाड्याने द्यायची नाहीत, तिथे सुट्टीतही कुणी जात नाही. ती नुसती आहेत. पाच वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, हाच आकडा सुमारे ३४.९ लाख होता. वाकायामा आणि तोकुशिमा या प्रांतांत तर एकूण घरांपैकी पाचातले एक रिकामे आहे. अशा घराला जपानीत ‘अकिया’ म्हणतात.

घर कसे होते

तपशिलात शिरण्यापूर्वी हे घर एकदा पाहून घेऊ. खेड्यातले जुने जपानी घर लाकडाचे. वर काळ्या-करड्या कौलांचे किंवा क्वचित गवताने शाकारलेले जड छप्पर. आत शिरताच ‘दोमा’, म्हणजे चोपलेल्या मातीची जमीन. चूल, पाण्याची भांडी, शेतीची अवजारे इथे. तिथून पायरी चढून वर गेले की ‘तातामी’च्या खोल्या. तातामी म्हणजे गवताची जाड, घट्ट विणलेली चटई, सुमारे तीन फूट बाय सहा फूट. खोली केवढी, हे तिथे किती तातामी मावतात यावरून सांगायचे. दोन खोल्यांच्या मधे भिंत नाही, सरकत्या कागदी पडद्या. लग्न असो की मर्तिक, या पडद्या काढल्या की सारे घर एक दिवाणखाना होतो. बागेच्या बाजूने लांब लाकडी ‘एंगावा’ असतो. आपल्या ओटीचा हा सख्खा भाऊ. शेजारीण आली की चपला न काढता इथेच टेकून चहा घेणार. घराच्या मध्यभागी एक जाड खांब, त्याला घराचा कर्ता पुरुष मानण्याची रीत. आणि एका खोलीत ‘बुत्सुदान’, पितरांचे लाकडी देवघर, त्यात आजा-पणजांच्या नावांच्या पाट्या.

हे घर माणसांच्या वावरावर जगते. घरात जमिनीतली शेगडी पेटायची तेव्हा तिच्या धुराने तुळया काळ्या पडायच्या आणि त्याच धुराने लाकडाला आणि गवताला कीड लागायची नाही. दारे-पडद्या रोज सरकायच्या म्हणून वारा खेळायचा. दार बंद झाले की हे सगळे थांबते. जून-जुलैतला पाऊस जपानात महिनाभर दमट ठाण मांडून बसतो. तातामीला बुरशी धरते. एखाद्या वादळात दोन कौले सरकतात, पाणी आत येते, मग वाळवी. बाहेर वेळूचे बन असेल तर त्याचे कोंब जमीन फोडून घरात उगवतात. शंभर वर्षे टिकलेले घर दहा-पंधरा वर्षांच्या कुलपाने संपते. म्हणून ‘निदान बंद करून तरी ठेवू’ या म्हणण्यात जपणूक फारशी नसते.

जबाबदारी एकाची, हक्क सगळ्यांचा

माणसे गेली कुठे? १८९८ च्या दिवाणी कायद्याने जपानात घराणे हा कायदेशीर घटक मानला होता. घर, जमीन, पितरांची सेवा आणि म्हातारे आईबाप, सारे थोरल्या मुलाकडे. बाकीच्यांनी आपापली वाट धरायची. युद्धानंतर, १९४७ मध्ये हा कायदा बदलला आणि सर्व मुलामुलींना समान वाटा मिळाला. न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्याच सुमारास कारखान्यांचे युग सुरू झाले. १९५० च्या दशकापासून शाळा संपवलेली पंधरा-सोळा वर्षांची पोरे खास गाड्यांतून घाऊक तोक्योला नेली जात. आधी धाकटे गेले, मग थोरलेही गेले.

यासुजिरो ओझू यांचा ‘तोक्यो स्टोरी’ हा १९५३ चा चित्रपट आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांनी अनेकांना दाखवला. ओनोमिची या किनाऱ्यावरच्या गावातले म्हातारे जोडपे मुलांना भेटायला तोक्योला येते आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नसतो, अशी ती गोष्ट. चित्रपटाच्या शेवटी वडील त्या घरात एकटे बसलेले दिसतात. पुढे त्या घराचे काय झाले असेल, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. आज तो सगळ्या देशाला पडला आहे. गंमत अशी की ओनोमिचीच्या डोंगरउतारावरची जुनी घरे आज खरोखरच रिकाम्या घरांसाठी प्रसिद्ध आहेत. त्या गावाकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास १२ कोटी ८० लाखांवर पोचली आणि तिथून उतरू लागली. २०२४ मध्ये देशात ७ लाखांहूनही कमी मुले जन्मली. म्हणजे एक घर सोडून जाणारे तर आहेतच, पण ते घ्यायला यावे असे पुढचे माणूसच जन्मलेले नाही. २०१४ मध्ये एका अभ्यासगटाने देशातल्या ८९६ गावा-शहरांची नावे प्रसिद्ध केली आणि तरुण स्त्रियांची संख्या घटत चालल्याने ही गावे पुढेमागे नाहीशी होऊ शकतील, असे सांगितले. तेव्हा तिथे मोठी खळबळ उडाली. २०२४ च्या यादीत ७४४ नावे होती.

कागद बोलतात

माझी हयात बँकेत गेली. कर्जाच्या अर्जासोबत घराची कागदपत्रे येत, तेव्हा मी आधी घराचा फोटो पाहत नसे, मालकाचे नाव पाहत असे. घराचे दुखणे बहुधा तिथेच असते. जपानी घराची गोष्टही कागदावरून पाहिली तर अधिक लवकर समजते.

समजा, तोक्योत राहणाऱ्या एका साठीच्या बाईंना शिमाने प्रांतातल्या एका खेड्यातले माहेर विकायचे आहे. आई गेल्या वर्षी गेली, वडील त्याआधी. बाई नोंदणी कचेरीतून उतारा काढतात, तर घर अजून आजोबांच्या नावावर. वारसाची नोंद करणे तिथे सक्तीचे नव्हते. नोंद करायची तर खर्च येई, न करावी तर काही बिघडत नसे. आता आजोबांना पाच मुले. त्यांतली तीन वारली, त्यांची मुले हक्कदार. एक चुलत भाऊ ब्राझीलला जाऊन राहिलेला. विक्रीसाठी आजोबांच्या जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सगळे कुटुंबनोंदीचे दाखले गोळा करायचे, वारसांची यादी करायची, आणि वाटणीपत्रावर प्रत्येकाचा नगरपालिकेत नोंदवलेला शिक्का उमटवून घ्यायचा. जपानात सहीपेक्षा शिक्क्याला मान. चौदा शिक्क्यांपैकी तेरा मिळाले आणि एक राहिला, तर घर विकता येत नाही.

अशा ढिलाईची बेरीज मोठी होती. मालकाचा ठावठिकाणा न लागणारी जमीन देशात सुमारे ४१ लाख हेक्टर असावी, असा २०१६ च्या आकडेवारीवरून अंदाज बांधला गेला. क्यूशू हे जपानच्या चार मुख्य बेटांपैकी एक; त्याच्या क्षेत्रफळाहूनही ही जमीन जास्त. शेवटी सरकार जागे झाले. १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची आहे. वारसा आल्याचे कळल्यापासून तीन वर्षांत नोंद करायची, नाहीतर एक लाख येनांपर्यंत दंड. जुन्या, पडून राहिलेल्या वारसांनाही हा नियम लागू असून त्यांना ३१ मार्च २०२७ पर्यंत मुदत दिली आहे. त्याआधी, मार्च २०२४ पासून, कुटुंबनोंदीचे दाखले गावोगाव न हिंडता कोणत्याही एका कचेरीत मिळू लागले. ज्याने कधी वारसदाखल्यासाठी खेटे घातले आहेत त्याला या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

इथे आपल्याकडच्या आणि तिकडच्या परिस्थितीत एक चमत्कारिक फरक दिसतो. आपल्याकडे सातबारावर नाव लागावे म्हणून भावकी कोर्टात जाते. तिकडे नाव लागू नये म्हणून कोर्टात जातात. वारसा नाकारण्याची तरतूद जपानी कायद्यात आहे. कळल्यापासून तीन महिन्यांत कुटुंब न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. पण अट अशी, की नाकारायचे तर सगळेच नाकारायचे. आईची बँकेतली ठेव घेतो आणि खेड्यातले घर नको म्हणतो, हे चालत नाही. शिवाय नाकारताना घर ज्याच्या ताब्यात आहे त्याला ते दुसऱ्याच्या हवाली करेपर्यंत सांभाळावे लागते.

किंमत शून्य, किंवा शून्याच्याही खाली

आता बाईंनी सगळे शिक्के मिळवले असे धरू. घराला किंमत किती येईल? इथे आपल्या मनातले सगळे ठोकताळे उलटे करावे लागतात. जपानात लाकडी घराचे आयुष्य करआकारणीच्या हिशेबात २२ वर्षे धरतात, आणि बाजारानेही तीच सवय लावून घेतली आहे. वीस-पंचवीस वर्षांनंतर इमारतीची किंमत जवळजवळ शून्य. जी काय ती जमिनीची. शहरात जमिनीला भाव असतो म्हणून निभावते. खेड्यात जमिनीलाही भाव नाही. वर १९८१ च्या जूनमध्ये भूकंपरोधक बांधणीचे नियम कडक झाले. त्याआधीचे घर म्हटले की गिऱ्हाईक बिचकते. घर पाडून मोकळी जमीन विकावी म्हटले, तर साध्या लाकडी घराच्या पाडकामालाही दहा-पंधरा लाख येन सहज लागतात. ढोबळमानाने येन म्हणजे अर्ध्या रुपयाहून किंचित जास्त धरा. जमिनीचे येणार त्याहून कमी. म्हणजे घराची किंमत वजा चिन्हाने लिहायची वेळ येते. बँकेतल्या कोणत्याही मूल्यांकन-अहवालात मी असे चिन्ह पाहिले नव्हते.

मग लोक पाडत का नाहीत आणि विकत का नाहीत, याचे एक उत्तर करात आहे. ज्या जमिनीवर राहते घर उभे आहे तिच्या दोनशे चौरस मीटरपर्यंतच्या भागाला मालमत्ता करात मोठी सवलत मिळते. आकारणी एकषष्ठांश किमतीवर होते. घर पाडले की सवलत गेली. म्हणून छप्पर खचलेले का असेना, घर उभे ठेवण्यातच शहाणपणा होता. सरकारने घरे बांधली जावीत म्हणून दिलेली सवलत पडकी घरे टिकवण्याच्या कामी आली. २०१५ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने धोकादायक रिकाम्या घरांची ही सवलत काढून घेण्याचा आणि प्रसंगी घर पाडण्याचा अधिकार नगरपालिकांना दिला. डिसेंबर २०२३ पासून धोकादायक होण्याच्या वाटेवर असलेल्या, नीट न राखलेल्या घरांनाही हा बडगा लागू झाला.

दुसरे उत्तर दलालीत आहे. घराच्या किमतीवर ठराविक टक्के दलाली, हा नियम जपानातही आहे. पाच कोटींच्या सदनिकेला आणि वीस लाखांच्या कौलारू घराला दलालाचे कष्ट सारखेच, किंबहुना खेड्यातल्या घराला अधिक. हद्दीच्या खुणा सापडत नाहीत, विहिरीचा हक्क कुणाचा ते कळत नाही, सोबतच्या शेतजमिनीला स्थानिक शेती समितीची परवानगी लागते. दलाल फोनच उचलत नसत. म्हणून जुलै २०२४ पासून ऐंशी लाख येनांपर्यंतच्या स्वस्त घरांसाठी दलालाला एका पक्षाकडून कर धरून ३ लाख ३० हजार येनांपर्यंत घेण्याची मुभा दिली. वरकरणी ही विकणाऱ्यावर अधिक ओझे टाकणारी गोष्ट. पण ज्या मालाला कोणी हात लावत नाही, त्याला हात लावणाऱ्याला मजुरी द्यावीच लागते.

तिसरी वाट ‘अकिया बँके’ची. नाव बँकेचे असले तरी तिथे पैसा नाही. नगरपालिका गावातल्या रिकाम्या घरांची यादी ठेवते आणि घर शोधणाऱ्यांना दाखवते, एवढेच. यादीत काही घरांपुढे किंमत शून्य येन अशीही लिहिलेली असते. नोंदणीचा खर्च आणि कर घेणाऱ्याचा. विकणाऱ्यासाठी सरकारने एक गाजरही ठेवले आहे. आई किंवा वडील एकटे राहत असलेले, मे १९८१ अखेरपर्यंत बांधलेले घर वारसाने साधारण तीन वर्षांच्या आत, ठरलेल्या अटी पाळून विकले, तर नफ्यातले तीन कोटी येनांपर्यंत करमुक्त. सवलत उदार आहे. पण तिचा उपयोग ज्याला नफा होतो त्यालाच, म्हणजे बहुतेक शहराजवळच्या घरांना. शिमानेतल्या आमच्या बाईंना नफाच नाही, तर करमाफी कशाची?

पितरांना कुठे न्यायचे

हे सारे गणित सुटले तरी घर विकले जात नाही, कारण घर रिकामे म्हणतात ते माणसांनी रिकामे. सामानाने ते गच्च भरलेले असते. वीस पाहुण्यांची गाद्या-पांघरुणे, दहा-दहाच्या संचातल्या लाकडी पेट्यांत ठेवलेल्या ताटल्या, आईचे किमोनो, मुलांच्या शाळेतली चित्रे. मालकांना विचारले की घर का ठेवले आहे, तर ‘सामान ठेवायला जागा हवी’ हे उत्तर सरकारी पाहण्यांत वारंवार येते. मला ते उत्तर खोटे वाटत नाही, अपुरे वाटते. सामान आवरायला बसणे म्हणजे आईच्या हातची एकेक वस्तू उचलून ही ठेवायची की टाकायची, हे ठरवणे. ते पुढे ढकलण्यासाठी माणूस एक आख्खे घर राखतो.

त्यात बुत्सुदान. तोक्योच्या दोन खोल्यांत हे पुरुषभर उंचीचे देवघर मावत नाही. ते असेच टाकता येत नाही. भिक्षूला बोलावून मंत्र म्हणवून घेतात, त्यातून पितरांचे अधिष्ठान काढून घेतले जाते, मग ते नुसते लाकूड उरते. आपण मूर्तीचे विसर्जन करण्यापूर्वी उत्तरपूजा करतो, त्यातलाच हा भाव. गावच्या देवळामागे पूर्वजांच्या रक्षेची जागा असते. तिचेही काय करायचे ते ठरवावे लागते. घराचे खरेदीखत एका दिवसात होते. या विधीसाठी मन तयार व्हायला कित्येकांना दहा वर्षे लागतात, आणि तेवढ्यात छप्पर बसते.

न विकण्याचा मान

जुने घर विकूच नये, असे मानणारी एक थोर जागाही जपानात आहे. गिफू प्रांतातल्या शिराकावा गावातील उंच, जोडलेल्या हातांसारख्या छपरांची घरे अनेकांनी चित्रांत पाहिली असतील. १९९५ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतले. पण त्याच्या कितीतरी आधी, १९७१ मध्ये, तिथल्या रहिवाशांनी एकत्र येऊन तीन नेम केले होते: घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही, पाडायचे नाही. ते नेम टिकले, कारण त्यांच्यामागे माणसे होती. एका घराचे छप्पर शाकारायचे तर सारा गाव वर चढतो. या परस्पर श्रमदानाला ‘युई’ म्हणतात. पुढे पर्यटकांचा पैसाही आला. ‘विकायचे नाही’ हे वाक्य त्या गावाला शोभते. जिथे गावात बारा म्हातारी माणसे उरली आहेत आणि छपरावर चढणारा कोणी नाही, तिथे तेच वाक्य म्हणणे म्हणजे घराला मरणाची तारीख देणे होय.

याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. तोकुशिमातल्या इया खोऱ्यात १९७३ मध्ये अॅलेक्स कर या तरुण अमेरिकन माणसाने सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचे, गवताने शाकारलेले, सोडून दिलेले घर घेतले. आसपासची तशी घरे कोसळत गेली. हे राहिले, पुढे छप्पर नव्याने शाकारले गेले आणि आजही तिथे पाहुणे राहतात. ज्याचा त्या मातीशी काही संबंध नव्हता त्याने ते वाचवले. ओनोमिचीतही २००७ पासून नागरिकांची एक संस्था उतारावरची घरे दुरुस्त करून नव्या माणसांना मिळवून देते आहे. तिथे मोटार जात नाही, नुसत्या पायऱ्या. विटा-लाकूड खांद्यावरून न्यावे लागते. तरी तरुण मंडळी येतात, कुणी पाव भाजतो, कुणी पाहुण्यांसाठी खोल्या ठेवतो. परदेशी माणसेही घरे घेतात. जपानात परकीयाला घर-जमीन घेता येते, मात्र घर घेतले म्हणून राहण्याचा परवाना मिळत नाही.

सगळे गोड आहे असे नाही. खेड्यातले घर घेणारा नुसते घर घेत नाही. पाट साफ करायचा दिवस, बर्फ हटवायची पाळी, देवळाच्या जत्रेची वर्गणी, शेजारच्या मर्तिकाला हजेरी हे सगळे त्यासोबत येते. नवा माणूस हे जाणत नसेल तर दोन वर्षांत पळतो. म्हणून विकणाऱ्याचे काम खरेदीखतावर शिक्का मारून संपत नाही. नव्या माणसाला घेऊन शेजारच्या चार घरी जाणे, ‘आता हे इथे राहतील, सांभाळून घ्या’ असे सांगणे, विहिरीचा आणि गळक्या कोपऱ्याचा इतिहास खरा-खरा सांगणे, हे मोल कुठल्याही करारात लिहिलेले नसते आणि त्याच्याशिवाय व्यवहार टिकत नाही.

लवकर ठरवावे

१ जानेवारी २०२४ ला नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला. वाजिमा, सुझू या भागांत जड कौलांची जुनी लाकडी घरे मोठ्या संख्येने कोसळली. त्यांत रिकामी घरेही होती. ती रस्त्यावर आली, मदतीच्या वाटा अडल्या. नंतर सरकारी खर्चाने ढिगारा हलवायचा, तर तिथेही प्रश्न आला: मालक कोण? कागदावर आजोबा, वारस देशभर. जे काम चार दशके टाळले ते भूकंपानंतरच्या थंडीत करावे लागले.

माझे मत मी स्पष्टच सांगतो. ज्या घरात आपण राहणार नाही आणि आपली मुलेही राहणार नाहीत, ते घर आईवडील हयात असतानाच, त्यांच्याशी बोलून, त्यात राहू इच्छिणाऱ्याच्या हाती द्यावे. किंमत नाममात्र आली तरी द्यावे. आईवडिलांच्या हयातीत ही गोष्ट काढणे अभद्र वाटते, हे मला कळते. पण घर कोणी बांधले, हद्द कुठे आहे, शेजाऱ्याशी काय ठरले होते, हे सांगणारी तीच माणसे असतात, आणि त्यांचा एक शिक्का नंतरच्या चौदा शिक्क्यांच्या बरोबरीचा असतो. दर पिढीला मालक वाढतात आणि घर मात्र तेवढेच राहते; वाट पाहण्याने या हिशेबात काहीच सुधारत नाही.

सरकारकडूनही एक अपेक्षा रास्त आहे. एप्रिल २०२३ पासून नको असलेली वारशाची जमीन सरकारजमा करण्याची सोय जपानात झाली. पण आधी घर पाडून जमीन मोकळी करून द्यायची, वर साधारण दोन लाख येनांपासून पुढे रक्कम भरायची, अशी अट आहे. ज्याच्याजवळ पाडकामाला पैसे आहेत त्याला ही सोय; ज्या निवृत्त माणसाजवळ ते नाहीत त्याला वाढीव कराची नोटीस. ज्या पिढीला देशाने कारखान्यांसाठी गावाबाहेर काढले, तिच्याच माथी गावातल्या पडक्या घराचा सारा भुर्दंड टाकणे न्यायाचे नाही. सवलती नफा होणाऱ्या घरांना आणि दंड तोट्यातल्या घरांना, ही मांडणी उलटायला हवी. पाडकामाला मदत काही नगरपालिका देतात. ती सगळीकडे, आणि घर पडायच्या आधी मिळाली पाहिजे.

सगळी घरे वाचणार नाहीत, हेही मान्य करावे. काहींना गिऱ्हाईक मिळेल, काही पाडावी लागतील. पाडण्यापूर्वी त्यांच्या तुळया, दारे, कौले काढून दुसऱ्या घरात बसवता येतात. जुन्या लाकडाचा असा व्यवहार जपानात चालतो. तोही एक वारसाच म्हणायचा.

आपल्याकडे हा प्रश्न अजून या रूपात आलेला नाही. आपल्या गावच्या जमिनीला भाव आहे, म्हणून भांडायला माणसे आहेत. पण कोकणात आणि घाटावरच्याही कित्येक गावांत कुलूप लावलेले घर, सामाईक उतारा आणि शहरात पसरलेले वारस ही तीन लक्षणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी जपानची ही हकीकत दूरदेशीची म्हणून वाचू नये. या रविवारी घरातली वडीलधारी मंडळी जेवायला एकत्र बसतील, तेव्हा जेवण झाल्यावर उतारा कुणाच्या नावावर आहे एवढे विचारावे. विकायचे की राखायचे, ते पुढे ठरेल. ज्यांना उत्तर ठाऊक आहे ती माणसे समोर बसलेली आहेत, तोवर विचारलेले बरे.